वाकवलेली मुळं

११ मार्च

मेंढी परत आली. मामंजी गेल्यावर!

पहारेकऱ्याने सकाळी दाराशी आणून सोडली आणि कागद पुढे केला – जनावर मिळालं म्हणून सही करा. केली. मेंढी थेट सासऱ्यांच्या खोलीपाशी जाऊन उभी राहिली. तिला कोण समजावणार?

लिहून ठेवते. नाहीतर काही महिन्यांनी घरातलेच म्हणतील, वय झालं होतं, थंडी होती, चालायचंच.

कळप विकला तेव्हा ही एकटी उरली. दात पडलेले, कुणी घेतली नाही. सवयीने वर जायची. वरच्या कुरणाला तारेचं कुंपण पडलंय हे माणसांना कळलं, तिला कसं कळावं? त्या दिवशी तारेखालून आत शिरली आणि पहारेकऱ्यांनी धरली. मामंजी मागोमाग चौकीवर गेले. पहारेकरी म्हणाले, दंड भरा. मामंजी म्हणाले, आमच्या कुरणात आमची मेंढी चरली, दंड कसला? आणि चौकीसमोरच्या दगडावर बसून राहिले. वारा असा की उभ्या माणसाला ढकलून देईल. मी बोलवायला गेले. "तू जा पोरी. मी येतो तिला घेऊन." जागचे हलले नाहीत.

दुपारी धाकट्या दिराची जीप वर आली. मी स्वतः पाहिली – मामंजींसाठी कांबळं घेऊन चढत होते. जीप त्यांच्या समोरून गेली. बापासमोरून मुलगा गेला. काच खाली झाली नाही.

संध्याकाळी ह्यांनी पाठीवर घालून खाली आणलं. छाती भरली होती. दवाखान्यात नेलं, तिथेच गेले.

हे म्हणतात, व्हायचं ते झालं. मी असं म्हणणार नाही. तोंडावर मी दिराला ‘भाऊजी, तुम्ही’ म्हणते, म्हणत राहीन. इथे मात्र तो ‘तो’. वही माझी आहे.

१३ मार्च

तो येऊन गेला. भिंतीला टेकून रडला. मी पाणी दिलं. 

मी या घरात आले तेव्हा हा शाळेत जात होता. याच्या शर्टाची बटणं मी लावलीत. तापात याच्या उशाशी मी बसलेय. त्यामुळे रडताना याचं नाक कसं लाल होतं ते मला पाठ आहे. खरंच रडला. मग काय करू?

१९ मार्च

आमचं कुरण कसं गेलं तेही लिहिते.

समुद्रापलीकडे कुठेतरी एक कंपनी आहे. भट्ट्या चालवते, धूर सोडते. तिला सांगण्यात आलं म्हणे, जेवढा धूर सोडाल तेवढी झाडं कुठेतरी लावा, म्हणजे हिशोब मिटला. कुठेतरी म्हणजे जिथे जमीन स्वस्त तिथे. म्हणजे इथे. कुरण समितीचा प्रमुख आमच्या घरातलाच, तो – शिकलेला, बोलका. सभेत नकाशा लावून समजावलं. तिकडचा धूर इकडची झाडं खातात. मामंजींनी विचारलं, चूल त्यांची आणि राख आपल्या दारात का? लोक हसले. तोही हसला. मग सह्या झाल्या. आपापल्या पोरांना नोकऱ्या लागणार होत्या ना!

कागदावर आमच्या कुरणाचं नाव काय पडलं? ‘पडीक जमीन’.

पडीक! मधोमध दगडांची ओळ आहे. ओळीच्या या बाजूला एक वर्ष मेंढरं, त्या बाजूला दुसरं वर्ष. मामंजी म्हणायचे, एक वर्ष आपलं, एक वर्ष गवताचं. त्यांच्या आजोबांच्या आधीपासून असंच चाललंय. म्हणून तर गवत गुडघाभर आणि खालचा झरा उन्हाळाभर वाहता. रिकामी बाजू दिसली आणि साहेब लोकांना वाटलं, वापरात नाही. विसावा घेणाऱ्याला मेलेला समजून उचलून न्यावं, तसं झालं.

सगळे कळप एकाच आठवड्यात विकले गेले. सगळ्यांनी एकदम विकायला काढल्यावर भाव कोण देणार? आणि जानेवारीपासून हे – माझा नवरा, मेंढपाळाचा मुलगा – त्याच कुंपणावर पहारा देतात. त्यांचा युनिफॉर्म मी धुते. त्या दिवशी ह्यांची पाळी दुसऱ्या टोकाला होती. असती इथे, तर काय केलं असतं? विचारलं नाही. उत्तर ऐकायची भीती वाटते.

२ एप्रिल

त्याच्या घरावर नवे पत्रे चढले. उन्हात इतके चमकतात की माझ्या स्वयंपाकघरातून डोळे मिटावे लागतात.

९ एप्रिल

तो आज काम घेऊन आला. रोपवाटिकेत बाई हवी आहे. "वहिनी, तुमच्या हाताला जीव लावायची सवय आहे," म्हणाला. उपकार करायला आला होता. आतून म्हटलं, थुंकते तुझ्या कामावर. वरून म्हटलं, विचार करते.

१० एप्रिल

विचार केला. जाणार. घरात बसून दात-ओठ खाण्यापेक्षा शत्रूच्या चुलीजवळ बसलेलं बरं. निदान काय शिजतंय ते दिसतं.

२८ एप्रिल

रोपवाटिका म्हणजे नदीकाठचं सपाट मैदान, वर हिरवी जाळी, खाली काळ्या पिशव्यांच्या रांगा. झाड परकं आहे, काळपट पानांचं, भराभर वाढणारं. पानाला कुठलंही जनावर तोंड लावत नाही. म्हणूनच निवडलंय. प्रकल्पाचे साहेब कायम टोपी घालतात, बायका त्यांना ‘टोपी’ म्हणतात. माणूस वाईट नाही. घाम गाळतो. झाडांवर त्याचा जीव आहे, माणसं त्याला अडचण वाटतात.

आज माळ्याने आम्हाला लावणी शिकवली. पिशवी जुनी झाली की आत जागा संपते, मुळं तळाशी गोल गोल फिरतात. लावताना तेवढा वेटोळ्याचा भाग कापायचा आणि सोटमूळ सरळ खाली सोडायचं. मी विचारलं, नाही कापलं तर? मूळ तसंच दुमडून लावलं तर? तो म्हणाला, काही दिसणार नाही. रोप हिरवंगार राहील, वाढेलसुद्धा. पण खाली पाय रोवलेलेच नसतात. डोईजड झालं की एखाद्या मोठ्या वाऱ्यात आडवं.

रस्ताभर माझ्या डोक्यात तेवढंच. काही दिसणार नाही. वाढेलसुद्धा. आणि मग आडवं.

दिराने कंपनीला लिहून दिलंय की झाडं टिकवायची जबाबदारी त्याची. जीप त्याच भरवशावर मिळाली आहे.

१७ जून

लावणी सुरू. वरच्या कुरणात कुंपण पडल्यापासून आज पहिल्यांदा पाऊल ठेवलं. गवत उपटून जागोजाग खड्डे. मामंजींच्या दगडांच्या ओळीतले दगड उचलून चौकीचा ओटा बांधलाय.

पहिलं रोप हातात घेतलं. पिशवी फाडली. मूळ वर वळवलं, मूठ मिटतात तसं, आणि मातीत दाबलं. माती लोटली. टाच मारली. रोप सरळ उभं. शेजारून तो चालला होता, म्हणाला, वा वहिनी!

त्या एका ‘वा’ने माझे सगळे खड्डे भरून निघाले.

२५ जून

मला लावणीच्या बायकांची मुकादम केलं. माझी रोपं सगळ्यात ताठ दिसतात म्हणे!

आता प्रश्न पडला. बाकीच्या रांगा नीट लावल्या जाणार. माझ्या एकटीच्या हाताने कितीसं होणार? आणि बायकांना सांगावं तर एकीच्या पोटात राहील, दुसरीच्या ओठावर येईल.

२७ जून

सांगितलं नाही. दाखवलं. सगळ्यांना गोल बसवलं, पिशवी फाडली, मूळ दुमडलं आणि लावलं. म्हटलं, आपल्याकडे असं लावायचं.

त्यांच्यात लोकर कातरणारी म्हातारी होती. कळप गेले तशी तिची कात्री गंजली, म्हणून या वयात खड्डे भरते. माळी शिकवत होता तेव्हा तीही हजर होती. तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग स्वतःचं रोप उचललं, मूळ दुमडलं आणि लावलं. तिच्यामागोमाग सगळ्यांनी. 

पुढे दिवसभर भलत्याच गप्पा. कुणाची सून कशी, कुणाचा नवरा किती घोरतो. इतकं हसलो की पहारेकरी बघायला आला.

५ ऑगस्ट

धाकटी जाऊ आली होती. बिचारी चांगली आहे. म्हणाली, ताई, ह्यांना झोप लागत नाही, मामंजींचं नाव काढून उठतात. त्या दिवशी ह्यांचं लक्षच नव्हतं हो, समोर बसलेले दिसलेच नाहीत.

मी तिचे केस विंचरून दिले. म्हटलं, हो गं, नसेल लक्ष.

दिसले नाहीत म्हणे. चौकीसमोर एकच दगड, दगडावर एकच माणूस.

२२ सप्टेंबर

आज जे झालं ते सविस्तर लिहिलं पाहिजे.

धुराच्या कंपनीचे पाहुणे आले. दोन अधिकारी आणि त्यांच्याबरोबर एक बाई – माझ्याच वयाची, जाड बोटांची, सारखी खोकणारी. दुभाषी म्हणून शहरातली एक मुलगी. टोपीने आम्हाला सांगून ठेवलं होतं, ती बाई भट्टीजवळच्या गावातली आहे. त्या गावकऱ्यांची तक्रार आहे, तेव्हा कंपनी तिला झाडं दाखवायला आणतेय. तिने परत जाऊन गावाला सांगायचं, काम खरं आहे.

मी मनात म्हटलं, आली! आमच्या जिवावर मोकळा श्वास घेणारी आली. चहा देतानाही मी तिच्याकडे पाहिलं नाही.

वर सगळे टोपीचं भाषण ऐकत होते. ती बाई ऐकत नव्हती. रांगेत शिरली, गुडघ्यावर बसली आणि एक रोप उपटलं.  शेतात राबलेलीचे हात होते ते, लगेच कळलं. तिने माती झटकली. मिटलेल्या मुठीसारखं मूळ तिच्या तळहातावर होतं. दुसरं उपटलं. तेही तसंच. मग मान वर केली आणि मलाच शोधलं. मुकादम म्हणून ओळख करून दिली होती ना.

मागून दीर येत होता. तिने पायांचा आवाज ऐकला. दोन्ही रोपं खड्ड्यांत ठेवली. मूळ पुन्हा दुमडलं – तिने स्वतः, आपल्या हाताने! – आणि वरून माती दाबली. उठून हात झटकले, त्याच्याकडे बघून मान डोलावली. छान, छान.

मला घाम फुटला होता.

परतताना हात धुवायला आम्ही झऱ्यावर थांबलो, ती, मी आणि दुभाषी मुलगी. ती बाई बोलत राहिली, मुलगी सांगत राहिली. त्यांच्या गावात पानांवर काजळी बसते. भाजी कुणी घेत नाही. नवऱ्याच्या फुप्फुसाचं काही उरलं नाही, डॉक्टर म्हणाले गाव सोडा. गाव सोडून कुठे जाणार? लोक भांडले. कंपनीपुढे दोन वाटा होत्या – चिमणीला गाळणी बसवा, नाहीतर झाडं लावा. गाळणी महाग. आमचा डोंगर स्वस्त.

मग बाई थांबली आणि सरळ माझ्याकडे बघून एक वाक्य बोलली. मुलगी जरा घुटमळली. "त्या म्हणतात, तुमची झाडं जगली तर आमचा धूर कधीच थांबणार नाही. ती किती दिवस टिकतील, खरं सांगा."

मी मुलीकडे पाहिलं. पगार तिलाही कंपनीचाच. ती म्हणाली, "मी नुसती भाषा बदलते, मावशी. पुढे कुणाला काही सांगत नाही."

मी म्हटलं, "पहिल्या मोठ्या वाऱ्यापर्यंत."

ते ऐकून ती बाई हसली आणि हसता हसता खोकत बसली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार होते? सहा महिने जिच्या नावाने बोटं मोडली, ती ही. ती मला जात्याचा दगड वाटत होती, निघालो दोघी आतले दाणे.

२३ सप्टेंबर

पाहुणे गेले. बाईने गाडीतून हात केला. मीही केला. तो शेजारी उभा होता, म्हणाला, वहिनी, तुमची छाप पडली. म्हटलं, हो, पडली.

३ मे

वही दोन वर्षं ट्रंकेच्या तळाशी होती. मुद्दाम काढली नाही. लिहिलं असतं तर कुणीतरी वाचलं असतं. आणि लिहायला होतं काय? झाडं वाढत होती. माणसाच्या डोक्यावर गेली. काळी, दाट, खाली गवताची काडी नाही. झरा गेल्या उन्हाळ्यात बोटाएवढा झाला, यंदा मार्चमध्येच आटला. म्हातारी मेंढी गेली. तो गळ्यात ओळखपत्र घालून भाषणं देतो. दोन वर्षं मी त्याच्याकडे बघून हसले. गाल दुखले माझे!

२१ मे

काल दुपारपासून वारा सुटलाय. असा की पत्रे धडाडले, ह्यांना चौकीत दार लावून बसावं लागलं.

झाडं पडतायत.

२२ मे

वर जाऊन पाहून आले. रांगच्या रांग आडवी, सगळी एकाच दिशेला. मुळांसकट उपटून. आणि मुळं कशी – वळलेली, मिटलेली, मातीत न घुसलेली. उभी आहेत तीही हाताने ढकलली तर जातील. कातरणारी म्हातारी माझ्याआधी पोचली होती. एका खोडावर बसून पाय हलवत होती, लहान पोरीसारखी.

तो मधोमध उभा होता. डोक्याला हात. मी शेजारी जाऊन उभी राहिले.  खूप बघून घेतलं.

३० मे

टोपीने चौकशी केली. निष्कर्ष काय? थोड्या मातीखाली कातळ, त्यामुळे मुळं वळली. जमीनच निकामी. मला म्हणाला, बाई, तुमची मेहनत वाया गेली याचं वाईट वाटतं. बिचारा खरंच कळवळला होता.

पहिल्यांदा जमीन ‘पडीक’ होती. आता ‘निकामी’ झाली.

१८ जून

कंपनीने प्रकल्प गुंडाळला. चौकीला कुलूप. ह्यांची नोकरी गेली. त्याची जीप परत नेली – दोन माणसं आली, किल्ली घेतली, गेली. तो दारात उभा राहून धूळ खाली बसेपर्यंत बघत होता. घर फिरलं की वासेही फिरतात. कालपर्यंत ‘दादा, दादा’ करणारे आता रस्ता बदलतात.

मला वाटलं होतं, त्या दिवशी मला पोटभर जेवल्यासारखं वाटेल. वाटलं. खोटं कशाला बोलू? चार दिवस वाटलं.

११ जुलै

तारा काढल्या. आम्ही सगळ्यांनी मिळून पडलेली खोडं ओढून कडेला केली. खालची माती काळी, आंबट वासाची. गवत कधी येईल कुणाला ठाऊक. वरच्या कडेला, जिथे झाडं लावली नव्हती, तिथे थोडी हिरवळ आहे. आम्ही चार मेंढ्या घेतल्या. बाकीच्यांनीही दोन-दोन, चार-चार. दगडांची ओळ पुन्हा लावायचं ठरलं. पुन्हा एक वर्ष आपलं, एक वर्ष गवताचं. सध्या तरी सगळी वर्षं गवताची.

४ ऑगस्ट

तो आला. मेंढ्या घ्यायच्या म्हणाला, समितीतले लोक त्याला कुरणात येऊ देत नाहीत. वहिनी, तुम्ही शब्द टाका, तुमचं ऐकतात.

मी म्हटलं, बाहेर बसा, सांगते. आणि दार लावून घेतलं.

बसला. अंगणात, उन्हात. मी आत भांडी घासली, धुतलेलीच पुन्हा घासली. दुपार कलली. हे कुरणातून आले, भावाला तसं बसलेलं पाहिलं, मला खिडकीतून पाहिलं.  जाऊन त्याच्या शेजारी बसले. माझा नवरा इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याविरुद्ध गेला, आणि तोही असा, तोंड न उघडता!

शेवटी दार उघडलं. तो उठला नाही. मान खाली घालून बोलायला लागला. "वहिनी, त्या दिवशी मला ते दिसले होते. जीपमध्ये मागे कंपनीचे लोक होते. त्यांनी विचारलं, हा म्हातारा कोण. मी म्हटलं, माहीत नाही."

ह्यांनी झटकन त्याच्यापासून हात मागे घेतला.

मला वाटत होतं, कबूल केलं की माझी आग विझेल. ती आत्ता खरी पेटली. काच बंद होती एवढंच मला माहीत होतं. काचेच्या आत काय बोलणं झालं ते आज कळलं.

मी पुन्हा दार लावलं.

६ सप्टेंबर

दुभाषी मुलगी आली. शहरातून मुद्दाम. त्या धुराखालच्या बाईचा निरोप घेऊन.

मी पहिलं विचारलं, चिमणीला गाळणी बसली का?

नाही. कंपनीने दुसरीकडे जमीन बघितली. तिसऱ्याच देशात. मुलीने फोनवर फोटो दाखवला – डोंगरउतार, गवत, मधूनमधून मेंढ्या. तिथल्या कागदावरही ‘पडीक’ असंच लिहिलंय म्हणे. बाईचा नवरा गेल्या हिवाळ्यात वारला. तिने कळवलंय, तुमची झाडं पडल्याचं ऐकून एक दिवस बरं वाटलं होतं.

एक दिवस. मला चार दिवस.

फोटो मी बोटाने मोठा करून पाहिला. मेंढ्यांमागे एक म्हातारा उभा होता, चेहरा स्पष्ट दिसत नव्हता.

मी काय केलं? आमचं कुंपण उपटलं आणि ते त्या म्हाताऱ्याच्या दारात नेऊन रोवलं. मी दिरावर डूख धरून होते. तो तर साधा प्यादा! त्याला मारून मी जिंकले समजत होते. ज्याने पट मांडलाय तो दुसरा डाव लावून बसलाय, आणि माझं नावही त्याला माहीत नाही.

१२ सप्टेंबर

टोपीचा फोन. तो आता तिकडच्या कामावर आहे. तिथले मेंढपाळ तयार होत नाहीयेत, इथली बातमी त्यांच्या कानावर गेली आहे. सह्या करण्याआधी मोठी सभा आहे. कंपनीचं म्हणणं, इथले दोघं जण नेऊन उभे करावेत – एक बाई, एक पुरुष – त्यांनी सांगावं की काम चांगलं होतं, लोकांचं भलं झालं, जमीनच तेवढी निकामी निघाली. येण्या-जाण्याचा खर्च कंपनीचा. बाई, तुम्ही याल का?

विचार करते म्हटलं.

१३ सप्टेंबर

येते म्हणून कळवलं. अट एकच – पुरुष मी निवडणार.

१४ सप्टेंबर

दिराला बोलावून घेतलं. म्हटलं, मेंढ्यांचं मी समितीत बोलेन, आधी माझ्याबरोबर चला. तिथे सभेत सगळ्यांसमोर उभं राहायचं. जीप, दगड, काच, सगळं सांगायचं, आणि जीपमधल्या कंपनीच्या लोकांना काय उत्तर दिलं तेही. तिकडच्या लोकांना कळू दे, एका सहीत काय काय जातं. त्याचं तोंड पांढरं पडलं. मग "येतो" म्हणाला.

दुभाषी मुलीने तिकडची भाषा जाणणाऱ्या कुणाकडून तरी एक वाक्य लिहून घेऊन पाठवलंय – ‘तो माझा बाप होता.’ ते त्याने स्वतः म्हणायचं, दुभाषाकडून नाही. आत्ता अंगणात बसून घोकतोय. उच्चार अजून नीट येत नाही. मी पुन्हा म्हणायला लावते.